चार बोटं आत

चेंडू आत होता. रेषेच्या चांगला चार बोटं आत. मी तारेच्या जाळीला नाक लावून उभा होतो आणि तो पडला ती जागा माझ्यापासून फार तर दहा पावलांवर होती. माझी नजर चांगली आहे. त्यामुळे दिसण्यात चूक झाली, असं म्हणायची सोय नाही.

चौदा वर्षांखालच्या मुलींची टेनिस स्पर्धा होती, शेवटच्या आठांतला सामना. अशा फेऱ्यांना कोर्टवर पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे जिचं तिनंच सांगायचं. माझी मुलगी दुसऱ्या सेटमध्ये पाच-चारनं पुढे होती आणि हा एक गुण मिळाला की सामना खिशात. समोर एक डावखुरी मुलगी होती, काटकुळी, लांब हातांची, हरत असूनही कपाळावर आठी नसलेली. तिनं चेंडू असा काही कोपऱ्यात मारला की माझी मुलगी धावली पण पोचली नाही. चेंडू पडला, उडाला आणि माझ्यासमोरच्या जाळीवर येऊन आदळला. मुलगी क्षणभर थांबली. मान वर करून तिनं माझ्याकडे पाहिलं. मग बोट वर केलं.

"आउट."

डावखुरी जिथे होती तिथेच उभी राहिली. सिमेंटच्या कोर्टवर खूण उरत नाही, त्यामुळे दाखवायला काही नव्हतं. ती चालत जाळ्यापाशी आली, हात पुढे केला, भिंगरीनं तो धरला आणि सोडला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

भिंगरी हे माझ्या मुलीचं घरातलं नाव. दोन वर्षांची असताना एका जागी बसेना म्हणून तिच्या मावशीनं ठेवलं ते चिकटलं. या सामन्याच्या वेळी ती तेरा वर्षांची होती. मी लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. शहरातल्या चाळीसेक इमारतींच्या लिफ्ट माझ्याकडे आहेत. ती सहा वर्षांची असताना एका सुट्टीच्या दिवशी मला तातडीचा फोन आला, हिची आई हॉस्पिटलात ड्युटीवर होती, म्हणून पोरीला बरोबर घेऊन गेलो. त्या इमारतीच्या मागे टेनिसचं कोर्ट होतं. मी वरच्या मशीनच्या खोलीत दोन तास घालवून खाली आलो तर ही कुणाची तरी मोडकी रॅकेट घेऊन भिंतीवर चेंडू मारत होती. सारखी. एका लयीत. कोर्टवरचे एक काका म्हणाले, "कुणाकडे शिकते?" कुणाकडेच नाही, म्हटल्यावर ते दोन पावलं मागे सरकून बघत राहिले.

ते त्यांचं मागे सरकणं माझ्या डोक्यात गेलं, ते गेलंच.

मी आयुष्यात कधी रॅकेट हातात धरली नव्हती. पण सात वर्षांत टेनिसबद्दल मला माहीत नाही असं काही उरलं नाही, निदान माझी तशी समजूत होती. तिच्या प्रत्येक सामन्याची मी वही ठेवत असे. किती सर्व्हिस चुकल्या, किती बॅकहँड जाळ्यात गेले, कितव्या गेमपासून पाय जड झाले. सकाळी किती अंडी, केळं किती वाजता, पाणी किती घोट, सगळं मी ठरवायचो. मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं की नाही, हेही मीच. सामना चालू असताना बाहेरून सांगायला बंदी असते, म्हणून आमच्या खुणा होत्या. मी टोपीला हात लावला की बॅकहँडवर मार, कान धरला की पुढे ये, घड्याळ चाळवलं की वेळ काढ. कोच एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "साहेब, मी तिला शिकवतो आणि तुम्ही तिला हाकता. दोन्ही एकदम कसं जमणार?" मी हसून सोडून दिलं. मनात म्हटलं, याला फी मिळते, पोरगी माझी आहे.

तिची नखं कुरतडून कुरतडून बोटांच्या टोकांना चिकटपट्ट्या लागायच्या. मला वाटायचं, खेळाडूंना असतंच असं.

तर सामना संपला. मी जिंकल्यासारखा दोन्ही मुठी वर करून ओरडलो, कारण तशी सवय होती. मग हात खाली आले. डावखुरीचे आजोबा माझ्यापासून थोड्या अंतरावर घडीचं स्टूल घेऊन बसले होते. संपूर्ण सामनाभर त्यांच्या तोंडून चकार शब्द निघाला नव्हता. त्यांनी स्टूल मिटलं, काखेत मारलं आणि जाताना माझ्याजवळ थांबले.

"अभिनंदन," ते म्हणाले. "मुलगी छान खेळते तुमची."

बस्स. त्यांनी भांडायला हवं होतं. मला भांडणाची तयारी असते. असं सरळ अभिनंदन केल्यावर माणसानं काय करायचं?

माझी कामाची व्हॅन आहे, मागे तारा, ग्रीसचे डबे, सुटे भाग. भिंगरी पुढे बसली, बॅग मांडीवर. मी व्हॅन काढली आणि सवयीनं सुरुवात केली. दुसऱ्या सेटमध्ये तू तीनदा उगाच पुढे आलीस. उद्याची मुलगी उंच आहे, तिला वर उचलून देऊ नकोस. आज लवकर झोपायचं. ती खिडकीबाहेर बघत होती. मी बोलत होतो आणि माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. दोन सिग्नल गेले. तिसऱ्याला न राहवून मी विचारलं,

"तो शेवटचा चेंडू."

"काय त्याचं?"

"आत होता का गं?"

तिनं मान वळवली नाही. "तुम्हाला काय दिसलं?"

"मी तुला विचारतोय."

"आणि मी तुम्हाला."

"आत होता," मी म्हणालो. "चार बोटं. भिंगरी, तू खोटं बोललीस?"

तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

"बाबा, बोट तुम्ही वर केलंत. माझ्या आधी."

"मी? काहीतरीच काय!"

"मी बघितलं तेव्हा तुमचं बोट वर होतं. मला वाटलं तुम्हाला बाहेर दिसला. मग म्हटलं, नाही, मला तर आत दिसला. मग म्हटलं, आत सांगितला तर तुम्ही घरी जाईपर्यंत..." ती थांबली. "मला नाही माहीत मी काय म्हटलं. मी आउट म्हटलं."

मी खोटं आहे म्हणायला तोंड उघडलं. आणि मला माझा उजवा हात आठवला. जाळीच्या तारांत डाव्या हाताची बोटं अडकवलेली होती. मग उजवा हात कुठे होता? खांद्याच्या वर होता. त्याच हाताची मूठ करून मी नंतर ओरडलो होतो, तो खालून वर गेलाच नव्हता. आधीच वर होता. डोळ्यांनी आत पाहिलं, हातानं बाहेर सांगितलं, आणि मला त्याची खबरसुद्धा नव्हती.

"मी मुद्दाम नाही केलं," मी म्हणालो.

सिग्नल लाल होता. भिंगरीनं दार उघडलं, बॅग खांद्याला लावली आणि खाली उतरली.

"अगं! कुठे चाललीस?"

"घरी."

"घर अजून दीड किलोमीटर आहे!"

"माहितीये."

ती फुटपाथनं चालायला लागली. सिग्नल सुटला. मी व्हॅन डाव्या कडेला घेतली आणि तिच्या चालीनं चालवू लागलो. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा नुसता धुमाकूळ घातला. एक स्कूटरवाला बाजूनं जाताना म्हणाला, "काका, पोरीचा पिच्छा सोडा नाहीतर पोलिसांना बोलावतो." मी ओरडलो, "बाप आहे मी तिचा!" तो म्हणाला, "असं सगळेच म्हणतात." भिंगरीनं ते ऐकलं. एरवी ती हसून लोळली असती. त्या दिवशी तिनं चाल वाढवली. अख्खा दीड किलोमीटर मी खिडकीतून "बस गं आत, बस ना" करत राहिलो आणि ती बॅगेचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरून चालत राहिली.

घरी तिची आई नुकतीच आली होती. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढते. दिवसभर लोकांना "श्वास रोखा, हलू नका" सांगून घरी आली की अर्धा तास तिला कुणाशी बोलायचं नसतं. पण आमच्या दोघांची तोंडं पाहिली आणि तिनं चहाचं पातेलं परत खाली ठेवलं. भिंगरी सरळ आत गेली. मी सगळं सांगितलं. बोटाचंही सांगितलं, पण जरा घाईत, दुसऱ्या गोष्टींच्या मध्ये घालून.

"थांबा," ती म्हणाली. "ते बोटाचं पुन्हा सांगा."

पुन्हा सांगितलं. मी स्वयंपाकघरात खिडकीपासून फ्रिजपर्यंत आणि फ्रिजपासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारायला लागलो. काहीतरी करायला हवं होतं. बिघाड सापडला की दुरुस्त करायचा, मला दुसरं काही येत नाही. मी वहीतला कागद फाडला, बसलो आणि लिहायला घेतलं. दहा मिनिटांत झालं. मग भिंगरीला हाक मारली.

"हे बघ. उद्या सकाळी आठ वाजता आपण स्पर्धेच्या मुख्य पंचबाईंकडे जायचं. तू हे सांगायचंस. मी शेजारी उभा राहीन. मग त्या मुलीला आणि तिच्या आजोबांना भेटायचं, तो दुसरा परिच्छेद. उद्याचा सामना तू सोडायचास. झालं गेलं, विषय संपला."

तिनं कागद घेतला. वाचला. उलटून मागची बाजू पाहिली, तिथे काही नव्हतं.

"'माझ्या हातून अनवधानानं प्रमाद घडला,'" तिनं मोठ्यानं वाचलं. "अनवधानानं म्हणजे?"

"म्हणजे लक्ष नसताना."

"पण माझं लक्ष होतं."

"अगं, ते म्हणायची पद्धत असते."

"आणि रडायचं कुठे? या ओळीला की पुढच्या?"

"भिंगरी!"

"नाही, सांगा ना. टोपीला हात लावा, म्हणजे मला कळेल." तिचा आवाज फाटला. "जिंकायचं कसं ते तुम्ही ठरवणार. हरायचं पण तुम्हीच ठरवणार. खोटं बोलले ते तुमच्यामुळे, आणि खरं बोलायचं ते पण तुमच्यामुळे! मग मी कशाला येऊ? तुम्हीच जा ना फ्रॉक घालून."

शेवटच्या वाक्याला तिच्या आईला हसू फुटलं, तिनं ते खोकल्यात दडवलं. मला मात्र हसू आलं नाही. माझे कान तापले. मी म्हणालो, मी तुझ्या भल्यासाठी बोलतोय, आजपर्यंत तुझ्यासाठी काय काय केलं, आणि असंच बरंच काही, जे प्रत्येक बाप कधी ना कधी बोलतो आणि बोलत असतानाच ज्याची त्याला लाज वाटते. भिंगरी ऐकत उभी राहिली. एका हाताच्या नखानं दुसऱ्या हाताची चिकटपट्टी सोलत.

"कागद द्या इकडे," तिची आई म्हणाली. तिनं त्याची घडी केली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. "उद्या हिला मी घेऊन जाते. तुम्ही यायचं नाही."

"तुला टेनिसमधलं काय कळतं?"

"काही नाही."

"मग?"

"मग काही नाही. मी तिथे बसणार आणि सोबत नेलेलं विणकाम करणार. हिला जे करायचं ते ही करेल. सांगायचं असेल तर सांगेल, खेळायचं असेल तर खेळेल."

"आणि काहीच केलं नाही तर?"

"तर ते तिचं."

हे "तर ते तिचं" मला अजिबात पटलं नाही. आजही पूर्ण पटलंय असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघी बसनं गेल्या. मला सात मजल्यांच्या एका इमारतीचं काम होतं. तक्रार अशी, की लिफ्टचं दार मिटत येतं आणि पुन्हा उघडतं. बहुतेक वेळा दाराखालच्या खाचेत कचरा अडकलेला असतो. कुणाच्या चपलेचा तुकडा, खडा, बाटलीचं झाकण. मी मेन स्विच बंद केला, तळमजल्यावर पाटी अडकवली आणि खाच साफ करायला बसलो. नऊ वाजले. नऊला सामना सुरू होणार होता. बायकोला फोन लावला, बंद. तिनं मुद्दाम बंद ठेवला होता, हे मला ठाऊक होतं, तरी पाच मिनिटांनी पुन्हा लावला. हातातला स्क्रू ड्रायव्हर निसटून केबिनखालच्या खड्ड्यात पडला. तो काढायला उतरलो, वर आलो आणि लक्षात आलं की टॉर्च खालीच राहिला. पुन्हा उतरलो. सव्वीस वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. भिंगरी सांगेल का? सांगितलं तर काय शब्दांत? समोरची उंच आहे, सर्व्हिस जोरात येणार, ही दोन पावलं मागे उभी राहायला हवी. कोण सांगणार तिला?

साडेनऊला मी हत्यारं तशीच ठेवली आणि व्हॅन काढली.

मैदानाच्या फाटकातून आत गेलो नाही, एवढं मात्र केलं. शब्द दिला नव्हता, पण दिल्यासारखंच होतं. मागच्या गल्लीत कोर्टची उंच भिंत आहे. तिथे उभा राहिलो. आतलं काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. चेंडूचा टप्पा, बुटांची घसट, पुन्हा टप्पा. तिच्या रॅकेटचा आवाज मला हजारांत ओळखू येतो, जरा कोरडा, टिचकीसारखा. तो ऐकू आला. म्हणजे ती खेळत होती. म्हणजे सांगितलं नाही? की सांगूनही खेळत होती? कोण पुढे? टाळ्या वाजल्या, पण टाळ्यांवरून काय कळणार? मी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होतो. एका जागी वीट निघालेली होती, तिथे पाय ठेवून वर चढता आलं असतं. मी पाय ठेवलाही.

"उतरा. पडाल," मागून आवाज आला.

डावखुरीचे आजोबा. एका हातात पाण्याची बाटली, काखेत तेच स्टूल. नातीचा दुहेरीचा सामना होता म्हणून आले होते.

मी उतरलो. पँट झटकली. मग एकदम सगळंच बोललो. "काल चेंडू आत होता. बोट मी वर केलं होतं. मुलीनं माझ्याकडे बघितलं आणि मग ती... दोष माझा आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी तुमच्याच बाजूला बसलो होतो. काल सामन्यापेक्षा जास्त मी तुम्हालाच बघत होतो. इथले लोक तुम्हाला भोंगा म्हणतात, ठाऊक आहे का?"

ठाऊक नव्हतं.

"मग काल काही बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"बोलून? तुमच्या पोरीला सगळ्यांसमोर खोटी पाडायचं? तेरा वर्षांच्या?" ते आता चिडले होते, शांतपणे पण चिडलेच होते. "माझी नात काल जेवली नाही. आज सकाळी तुमची मुलगी आमच्यापाशी आली. एकटीच. आई लांब उभी होती. म्हणाली, चेंडू आत होता, मला दिसला होता, तरी मी आउट म्हटलं. पंचबाईंनाही सांगितलंय, पण त्या म्हणतात, हात मिळवले की निकाल बदलत नाही."

"आणि तुमची नात?"

"ती म्हणाली, मला माहितीये. आणि सरावाला निघून गेली. तिनं काय म्हणायला हवं होतं? काही हरकत नाही म्हणायला हवं होतं का?"

"नाही, नाही."

"तुमच्या मुलीनं तुमचं नाव घेतलं नाही," ते म्हणाले. "मी दोनदा विचारलं, घेतलं नाही. तुम्हीच आता सांगितलंत. ठीक आहे. पण माझ्याकडे सांगून तुमचं ओझं हलकं होणार असेल, तर माझी त्यात काही मदत नाही."

ते गेले. मी तिथेच उभा राहिलो. भिंतीपलीकडे कुणीतरी "थर्टी-फॉर्टी" म्हणालं, तेवढ्यात माझा फोन वाजला. इमारतीतून होता. चौथ्या मजल्यावरच्या बाई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, दवाखान्यातून परतल्या होत्या आणि तळमजल्यावर पाटीसमोर उभ्या होत्या. "अहो, काम चालू आहे अशी पाटी आहे, पण काम करणारा कुठे आहे?" फोनवरचा माणूस विचारत होता.

त्या भिंतीपासून निघताना मला जितका त्रास झाला तितका वडिलांच्या आजारपणातही झाला नसेल, असं म्हटलं तर लोक मला वेडा म्हणतील. पण निघालो. इमारतीत पोचलो तर बाई पायरीवर बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "चहाला गेला होता वाटतं?" मी हो म्हणालो. वीस मिनिटांत दार नीट केलं. खाचेत एक वाकलेली सेफ्टी पिन होती, एवढीशी. बाईंना वर सोडलं, त्यांच्या औषधांची पिशवी दारापर्यंत नेली आणि मग तिथल्या जिन्यात बसून राहिलो. दुसरी इमारत वाट बघत होती, तरी बसून राहिलो.

दुपारी दोघी घरी आल्या. भिंगरीनं बूट दारातच काढून फेकले आणि जेवायला बसली. ती हरली होती, सहा-दोन, सहा-चार. हे मला तिच्या आईकडून खुणेनं कळलं. भिंगरी दोन माणसांचं जेवली. मी समोर बसलो होतो. माझ्या तोंडात पंधरा प्रश्न होते, एकावर एक रचलेले. मी पाणी प्यायलो. पुन्हा प्यायलो.

"बॅकहँड कसा बसत होता?" तोंडातून निघालंच.

तिच्या आईनं डोळे मिटून घेतले.

"बाबा," भिंगरी म्हणाली, "जा ना जरा कुठेतरी."

मी उठलो, खाली गेलो आणि इमारतीला अकरा फेऱ्या मारल्या. बाराव्या फेरीला ती बाल्कनीतून ओरडली, "या आता वर, लोक बघतायत!" वर गेलो तर तिनं अट घातली. पुढचं अख्खं वर्ष मी एकाही सामन्याला यायचं नाही. वही बंद. केळी तिच्या मर्जीनं. मी म्हटलं, सहा महिने. ती म्हणाली, दीड वर्ष. मी वर्षावर तयार झालो.

त्या वर्षात शनिवार किती लांब असतो ते मला कळलं. सुरुवातीला मी शनिवारी कामं घ्यायला लागलो, गरज नसलेली कामंही, कुणाच्याही लिफ्टला ग्रीस लावून यायचो. दोनदा मागच्या गल्लीत जाऊन उभाही राहिलो, हे मी घरी सांगितलेलं नाही. कोच भेटले तेव्हा म्हणाले, "आता मी शिकवलेलं तिला ऐकू येतं." ते चांगल्या मनानं म्हणाले, पण मला चार दिवस पुरलं. भिंगरी पूर्वीपेक्षा जास्त हरायला लागली. मग जरा कमी. वर्षभरात एकदा दुहेरीत जिंकली आणि तो कप तिनं कपाटावर न ठेवता त्यात पेन्सिली ठेवल्या. नखं अजून कुरतडते, पण चिकटपट्ट्या फक्त दोन बोटांना.

वर्षानंतर तिची आणि डावखुरीची पुन्हा गाठ पडली. माझी मुदत तोपर्यंत संपली होती, पण मी विचारलं, येऊ का? ती म्हणाली, या सामन्याला नको. नाही गेलो.

संध्याकाळी ती आली. मी टीव्ही लावून बसलो होतो, बघत नव्हतो.

"तिनं पंच मागितला," ती बॅग खाली ठेवत म्हणाली. "सुरू व्हायच्या आधीच. खेळाडूला मागता येतो तसा. पंचबाई खुर्ची आणून बसल्या."

"तुझ्याशी खेळायला? सगळ्यांसमोर?"

"हो."

"तुला वाईट वाटलं असेल."

तिनं खांदे उडवले. "तिच्या जागी मी असते तर मीही मागितला असता," ती म्हणाली आणि हात-पाय धुवायला आत निघून गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

मी तिला निकाल विचारला नाही, असं सांगायला मला आवडलं असतं. विचारला. बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहून, दोनदा. सहा-तीन, सहा-चार. डावखुरी जिंकली.